उलट निरोप

ज्या घराण्यातली माणसं तीन पिढ्या एकमेकांशी धड बोलत नाहीत, त्या घराण्याने निरोप पोचवण्याचा धंदा काढावा, याला धाडस म्हणायचं की निर्लज्जपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आजोबा आणि त्यांचे भाऊ एकोणीस वर्षं एकच न्हाणीघर वापरत होते आणि तेवढ्या काळात त्यांच्यात झालेला संवाद म्हणजे दारावरची थाप. बाबा आणि काका त्या मानाने सुधारलेले. त्यांनीही अबोला धरला, पण यंत्राच्या मदतीने धरला.

व्यवस्था अशी होती. पहिल्या मजल्यावर बाबांचं ऑफिस. तिथे गिऱ्हाईक यायचं आणि कमरेला पेजर लावून ऐटीत जायचं. दुसऱ्या मजल्यावर निरोपांचा हॉल, म्हणजे आठ टेबलं, आठ फोन, आठ कीबोर्ड आणि सगळ्यांवर आत्या. गच्चीवरच्या खोलीत काकांची कार्यशाळा आणि तिच्या डोक्यावर आमचा टॉवर. बाबांना काकांना काही सांगायचं असलं, की ते आत्याला फोन करत. आत्या तो निरोप ऐंशी अक्षरांत बसवून टाइप करी, तो टॉवरवरून गावभर पसरे आणि दोन जिने वर बसलेल्या काकांच्या कमरेला वाजे. काकांचं उत्तरही याच राजमार्गाने खाली येई. सात वर्षं हे असं चाललं होतं आणि आम्हाला कुणाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. उलट, पाहुण्यांना आम्ही ते कौतुकाने दाखवत असू.

त्या शनिवारी दुपारी तीन वाजता हे सगळं मोडीत निघणार होतं, आणि तेही काकांच्याच हातून.

काकांनी दोन वर्षं खपून दुहेरी पेजर तयार केला होता. आपला साधा पेजर नुसता ऐकायचा. या नव्याला पुढे छोटी बटणं होती, त्यामुळे त्यावरून उत्तरही पाठवता येत होतं. तेही टेलिफोनला हात न लावता आणि मधल्या टाइप करणाऱ्या बाईला त्रास न देता. आकाराने साबणाच्या वडीएवढा आणि वजनाने विटेएवढा. एका बॅटरीवर सहा तास चालायचा, कारण बोलायला ताकद लागते. टॉवरचं ओरडणं गावभर ऐकू जातं, पण एवढ्याशा यंत्राची कुजबुज ऐकायला जागोजागी कान लागतात, म्हणून काकांनी नऊ इमारतींच्या गच्च्यांवर ऐकणारे डबे बसवले होते. आमच्या घराण्यातल्या माणसाने ऐकण्यासाठी एवढी यातायात केल्याची ही पहिलीच नोंद.

हे निरोप केंद्र तिघा भावंडांच्या नावावर होतं. नवं यंत्र आणायचं तर तिघांचं होकारार्थी मत हवं. गिऱ्हाइकं तर पेजर परत आणून द्यायला लागली होती, आठांपैकी तीन टेबलांवर आता नुसती धूळ बसे. काकांच्या खिशात दुसऱ्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. पाच वाजेपर्यंत फोन करून कळवायचं होतं. बाबा 'हो' म्हणाले तर काका राहणार, 'नाही' म्हणाले तर बिऱ्हाड उचलून कायमचे जाणार. मागे एकदा ते असेच गेले होते. टॉवरच्या उद्घाटनाला बाबांनी सुतारापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि ज्याने टॉवर उभारला त्या सख्ख्या भावाचं नाव घ्यायला विसरले. ते खरोखर विसरले होते, हे त्यांनी आजतागायत मान्य केलेलं नाही, कारण विसरण्यापेक्षा मुद्दाम केलं म्हणणं त्यांना कमी लाजिरवाणं वाटतं. काका अकरा महिने शेजारच्या गावी, पण टॉवरच्या टप्प्यातच, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राबले आणि मग परत आले. कसे आले, याबद्दल घरात दोन मतं होती. बाबांना वाटे, त्याने हात जोडले म्हणून मी घेतलं. काकांना वाटे, त्याने बोलावलं म्हणून मी आलो. दोघंही आपापल्या विजयावर सात वर्षं खूश होते.

काकू वरच्या खोलीत ट्रंका भरून तयार होती. थोरले दीर काय बोलणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. नव्या कंपनीने दोन खोल्या देऊ केल्या होत्या, त्यात स्वतंत्र स्वयंपाकघर होतं आणि डोक्यावर टॉवर नव्हता. वारा सुटला की टॉवर रात्रभर कण्हतो आणि त्याखाली झोपलेला नवरा झोपेतसुद्धा 'नट सैल आहे' म्हणून पुटपुटतो, असा तिचा संसार. यंत्र बंद पडावं म्हणून काही तिने देवाला साकडं घातलं नव्हतं, पण चाललं तर बरंच होईल असंही म्हटलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं. माझी आई वर धाकट्या जावेला सामान बांधायला मदत करत होती आणि खाली येऊन नवऱ्याला सांगत होती की थांबवा त्याला. दोन्ही कामं ती मनापासून करत होती.

आणि आत्या? आत्याला ते यंत्र चालायलाही हवं होतं आणि बंदही पडायला हवं होतं. चाललं तर धाकटा भाऊ राहील, पण दोघं भाऊ तिच्याशिवाय थेट बोलायला लागतील. बंद पडलं तर तिचं टेबल राहील आणि भाऊ जाईल. त्या दुपारी तिने डोळ्यांवरचा चष्मा इतक्या वेळा पुसला, की काचा झिजतील असं मला वाटलं. ती नोकरीला घाबरते आहे, असा माझा समज झाला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझे बहुतेक समज असेच असत.

हॉलच्या भिंतीवर आत्याच्या हस्ताक्षरात तीन नियम लावलेले होते. शिवी टाइप करायची नाही. कुणी गेल्याची बातमी पेजरवर द्यायची नाही, 'ताबडतोब घरी फोन करा' एवढंच लिहायचं. आणि तिसरा, टाइप केलेला निरोप सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायचा. मी तीन नंबरच्या टेबलावर दोन वर्षं काम करत होते. चिडलेला नवरा 'तिला म्हणावं, माहेरीच राहा' असं ओरडला की मी 'कधी येणार ते कळव' असं टाइप करी आणि वाचून दाखवी. पलीकडून घसा साफ करत 'हां, पाठवा.' ही कला मी आत्याकडून शिकले. तिने ती कुठे आणि किती वापरली होती, ते मात्र मला त्या दिवशी कळलं.

तीन वाजता बाबा वर आले. एक यंत्र त्यांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन काका गच्चीवर बसले होते. बरोबर तीन वाजून दोन मिनिटांनी बाबांच्या हातातली वीट थरथरली. काचेवर अक्षरं उमटली, 'चाचणी. मिळाला का?' खाली तीन तयार उत्तरं होती: हो, नाही, नंतर कळवतो. बाबांनी 'हो'चं बटण दाबलं. क्षणभराने यंत्र परत वाजलं, 'निरोप वाचला.' म्हणजे काकांनी वर बाबांचा 'हो' वाचून 'वाचला'चं बटण दाबलं होतं आणि तसं यंत्राने येऊन सांगितलं होतं.

बाबा खुर्चीत सरळ झाले. आठ वर्षं त्यांनी पेजर विकले, पण पाठवलेला निरोप समोरच्याने वाचला की नाही, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा ते 'पोचला असेल' असं ठासून सांगत.

"बरं आहे," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून हे म्हणजे गौरवसमारंभ झाला. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या दोघींच्याही मनात आलं, झालं, राहतोय आता.

मग काचेवर उमटलं, 'आता स्वतः लिहा.'

बाबांची बोटं दणकट आणि बटणं डाळीच्या दाण्याएवढी. एक अक्षर लिहिताना तीन दाबली जात. दहा मिनिटं ते खटपट करत होते, कपाळावर घाम आला होता. मी मागे उभी राहून बघत होते. शेवटी जे तयार झालं ते असं होतं: 'त्या दीडशहाण्याला सांग, ही बटणं माणसांसाठी केलीत की मुंग्यांसाठी.'

मी ते वाचलं आणि एक अक्षर बोलले नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आत्या मध्ये आहेच, ती करेल की नीट, असं मला वाटलं. यंत्रात आत्या नाही, हे त्या हॉलमध्ये आत्या सोडून कुणाच्याही लक्षात आलं नाही. ती तीन टेबलं पलीकडे उभी होती. "दादा, थांब, मला बघू दे," एवढं ती म्हणेपर्यंत बाबांनी बटण दाबलं होतं.

वर काकांनी निरोप वाचला आणि आधी ते हसले, असं काकूने सांगितलं. मग हसू ओसरलं. दादा असं लिहीत नसे. सात वर्षांत दादाने त्यांना 'जमल्यास बघशील का' आणि 'तब्येत सांभाळून कर' याखेरीज काही लिहिलं नव्हतं. काकांनी अंगठे चालवले. त्यांना बटणांची सवय होती, त्यामुळे उत्तर अर्ध्या मिनिटात खाली आलं. पण सवय त्यांनाही बाबांसारखीच, आत्याच्या कानात ओतायची. 'त्या खडूसाला सांग, बोटं दाखवायची सवय आहे, चालवायची नाही.'

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. धाकटा भाऊ त्यांना नेहमी 'आपला सल्ला हवा होता' असं लिहायचा. त्यांनी पुन्हा बटणं दाबायला घेतली. आता वेग आपोआप आला. 'त्याला सांग, चुकलो, येऊ का, म्हणत परत आलास, विसरू नकोस.'

या वेळी उत्तराला वेळ लागला. आलं तेव्हा त्यात 'त्याला सांग' नव्हतं. सात वर्षांतलं पहिलं थेट वाक्य होतं ते. 'मी कधी म्हणालो? तूच बोलावलंस.'

मग जिन्यावर पावलं वाजली आणि काका हॉलमध्ये आले. मागोमाग काकू. काकांच्या एका हातात नवं यंत्र होतं आणि दुसऱ्या हातात जुना, कोपरे झिजलेला साधा पेजर. तो त्यांनी बाबांच्या समोर टेबलावर ठेवला. त्यावर एकच निरोप जपून ठेवलेला होता: 'ये. तुझ्याशिवाय चालत नाही. दादा.'

या पेजरची बॅटरी पूर्ण संपली तर आतले निरोप पुसले जातात. काकांनी सात वर्षं, दर दोन महिन्यांनी, बॅटरी संपायच्या आत बदलली होती. हे फक्त काकूला ठाऊक होतं. लग्नाचा वाढदिवस विसरणारा माणूस ही तारीख विसरत नाही, याचा तिला राग होता आणि म्हणूनच त्या पेजरची किंमत तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होती.

बाबांनी चष्मा वर-खाली करून तो निरोप दोनदा वाचला. मग म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही."

मग एकेक करून आम्ही सगळे आत्याकडे बघायला लागलो.

आत्या आपल्या टेबलाशी जाऊन बसली. तिने कीबोर्डवर कापड घातलं, शिफ्ट संपल्यावर घालायची तसं. बाबांनी तिला विचारलं, की सात वर्षांत त्यांचे किती निरोप तिने जसेच्या तसे पाठवले. आत्याने खरोखर आठवून पाहिलं.

"एक," ती म्हणाली. "फ्यूज उडालाय, तो."

काका म्हणाले, की ही फसवणूक आहे. बाबा म्हणाले, की सरळ सरळ फसवणूक आहे. सात वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं आणि तेही बहिणीविरुद्ध. आई दारातून म्हणाली की एवढं काय बिघडलं. काकूने आईकडे पाठ फिरवली. मी मूग गिळून बसले होते, कारण तीन नंबरच्या टेबलावर मी रोज तेच करत होते.

"भिंतीवर बघा," आत्या म्हणाली. "तिसरा नियम. वाचून दाखवायचा. मी 'वाचून दाखवते' म्हणेपर्यंत तुम्ही दोघं फोन आपटून मोकळे. एकदाही थांबला नाहीत. म्हणून मग मी माझ्या मनाने करत गेले. चुकलं माझं. पण तो निरोप नाही चुकला."

तिने जुन्या पेजरकडे बोट दाखवलं.

"दादा, तू त्या दिवशी म्हणालास, त्याला सांग, गेलास तर गेलास, माझं काही अडत नाही. आणि त्या दिवशी तू फोन ठेवला नाहीस. पाच मिनिटं. समोर घड्याळ होतं, म्हणून सांगते. मी हॅलो म्हटलं, तू बोलला नाहीस. नुसता श्वास ऐकू येत होता. मग मला जे ऐकू आलं ते मी टाइप केलं."

काकांनी विचारलं, आणि माझं काय ऐकू आलं होतं? त्यांना आठवतं तेवढं तर, दादा पाया पडला तरी येणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. आत्या म्हणाली, हो, तसंच सांगितलं होतंस आणि मग विचारलंस, की टॉवरच्या वरच्या दिव्याकडे कोण बघतं, पावसाच्या आधी त्याचं झाकण बदलायला हवं. येणार नसलेला माणूस झाकणाची चौकशी कशाला करेल?

बाबा उठले. आपला दुहेरी पेजर हातात तसाच होता, तो घेऊन ते खाली आपल्या ऑफिसात गेले. आमच्याकडे माणूस रागावला तरी असाच उठून जातो आणि रडू आलं तरी असाच उठून जातो, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. घड्याळात साडेचार झाले होते.

काका टेबलाशी उभे होते. त्यांना झालेलं दुःख सरळ दिसत होतं. "म्हणजे मला कुणी बोलावलंच नव्हतं," ते म्हणाले. "ताई, मी त्या एका ओळीवर सात वर्षं इथे राहिलो." ते वर गेले. फोन वर होता आणि कंपनीचा नंबर त्यांच्या खिशात होता.

हॉलमध्ये आत्या आणि मी उरलो. ती म्हणाली, "यंत्र मात्र छान झालंय." मग तिचा आवाज फुटला. भाऊ जाणार होता आणि तिनेच त्याला घालवला होता, असं तिला वाटत होतं. इतरांच्या वतीने मी दिवसाला दोनशे निरोप टाइप करत असे आणि स्वतःचं म्हणून दोन शब्द सापडेनात. मी तिला पाणी आणून दिलं.

वर काकांनी फोन उचलला होता. पुढचं काकूकडून कळलं. तिच्या मनासारखं होत होतं, ट्रंका बांधलेल्या होत्या, आणि नवऱ्याने नंबर फिरवायला बोट घातलं तशी तिने त्याचा हात धरला. "पाचला अजून वेळ आहे," ती म्हणाली. आपण असं का बोललो ते तिचं तिलाही कळलं नाही. जुना पेजर खाली टेबलावर राहिला होता आणि त्याची बॅटरी या आठवड्यात बदलायची होती, एवढंच तिला आठवत होतं.

तेवढ्यात नवं यंत्र थरथरलं.

काकांनी बघितलं. मग उलटं-सुलटं करून बघितलं, काच पुसली. शेवटी ते जिना उतरून हॉलच्या दारात आले. काकू मागे होतीच. त्यांनी यंत्र आत्यासमोर धरलं. मीही वाकून पाहिलं. वर पाठवणाऱ्याचं नाव होतं, दादा. वेळ होती चार बावन्न. खाली काहीच नव्हतं. ऐंशी अक्षरांची जागा सगळी कोरी.

बाबांच्या जाड बोटाने चुकून बटण दाबलं गेलं, की त्यांना लिहायला काही सुचलं नाही आणि त्यांनी तसंच पाठवलं, यावर घरात अजून वाद चालू आहे. बाबा स्वतः या विषयावर उठून जातात.

"ताई," काका म्हणाले, "काय लिहिलंय यात?"

आत्याने चष्मा पुसला आणि डोळ्यांवर लावला. कोऱ्या काचेकडे ती बराच वेळ बघत राहिली. यंत्रात तिला जागा नव्हती, तरी ते फिरून तिच्याच टेबलावर आलं होतं.

"तिसरा नियम पाळायचा का?" तिने विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली.

"वाचून दाखवते," आत्या म्हणाली. "थांब, म्हणतोय."

काका तसेच उभे राहिले. मग त्यांनी अंगठ्याने एक बटण दाबलं. खालच्या मजल्यावर, बाबांच्या टेबलावर यंत्र वाजलं. एवढं जोरात वाजलं की जमिनीतून आम्हाला ऐकू आलं. त्या वेळी खाली आई होती, म्हणून मला माहीत आहे. बाबा ते उचलून दोन्ही हातांत धरून बसले होते आणि काचेवर दोन शब्द होते: 'निरोप वाचला.'